यंत्र शिकू, पण साक्ष गावाची
(वनहक्क समित्यांच्या तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, 2013)





मला सांगितलंय की सध्या जगात जे चाललंय त्यावर तुझं मत मांड. मोबाईल, कंपन्या, सिनेमा, सगळं आलं त्यात. मी बारावी शिकलेला, मोठं भाषण मला येत नाही. म्हणून आपल्या प्लॉटला येऊन भिडलंय त्याचंच बोलतो. जीपीएसचं यंत्र आणि वरून काढलेला उपग्रहाचा फोटो.

आमच्या पाड्यातले काही दावे परत आले. कारण एकच लिहिलेलं : उपग्रहाच्या फोटोत शेती दिसत नाही. ती माणसं तिथंच बापजाद्यांपासून नागली, वरई काढतात. फॉरेस्टने दंड केला त्याच्या जुन्या पावत्या त्यांच्या घरात आहेत. म्हणजे दंड घेताना शेती दिसत होती, हक्क द्यायच्या वेळी दिसेनाशी झाली!

फोटोत का दिसत नाही? आपण प्लॉटमधलं मोहाचं, ऐनाचं, आंब्याचं झाड ठेवतो. वरून बघितलं तर झाडाचा शेंडा दिसतो, खालची नागली दिसत नाही. पावसाळ्यात पीक उभं असतं तेव्हा आभाळ भरलेलं, फोटोत नुसते ढग. आभाळ मोकळं होऊन उन्हाळा लागतो तोवर पीक खळ्यातून घरात आलेलं असतं. आणि उताराची जमीन आपण दरवर्षी सगळी पेरत नाही, थोडी पड ठेवतो. त्या वर्षीचा फोटो असला तर गवतच दिसणार.

काही साहेब म्हणतात, माणूस खोटं बोलेल पण यंत्र खोटं बोलत नाही. मला हे पटत नाही. यंत्र स्वतःहून काही बोलतच नाही, त्याचं दाखवलेलं कोणीतरी माणूसच वाचतो. म्हणून आपण विचारायचं : फोटो कुठल्या सालचा? कुठल्या महिन्यातला? कायद्यात तारीख आहे 13 डिसेंबर 2005. त्याच्या आधीपासूनचा कब्जा बघायचाय, तर नंतरचा फोटो दाखवून दावा कसा काय उडवता? आणि फोटो वाचला त्याने आपल्या प्लॉटात पाय तरी ठेवला का?

हे मी मनाचं सांगत नाही. 2012 च्या सप्टेंबरात वनहक्काचे नियम सुधारले. त्यात लिहिलंय की उपग्रहाचा फोटो आणि असलं तंत्र बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरायचं, पुराव्याच्या जागी नाही. आणि यंदा मे महिन्यात गुजरात हायकोर्टानेही सांगितलं की नुसत्या फोटोवरून दावे नाकारता येणार नाहीत, बाकीचे पुरावे बघून पुन्हा तपासा. बांध, घर, दंडाची पावती, रेशनकार्ड आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हे सगळे पुरावे कायद्यात आहेत. म्हणजे शाळेत न गेलेल्या आपल्या आज्याची साक्ष कायद्याने धरलीय. ती कमी समजू नका.

आता आपल्यातलेही काही म्हणतात की मग यंत्रच नको, हाकलून द्या. मला हेही पटत नाही. आपण शिकलो नाही तर दुसरा येऊन मोजेल आणि आपण नुसता अंगठा देऊ. जीपीएसला कमीत कमी चार उपग्रह सापडावे लागतात. दाट झाडाखाली, अरुंद दरीत ते चुकतं, काही मीटर इकडचं तिकडं होतं. तिथं घाई करू नका, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. प्लॉटच्या प्रत्येक कोपऱ्यावर जा. एक कोपरा सोडला तर तेवढी जमीन नकाशातून गेली. उतार असला तर नकाशात क्षेत्र कमी येतं, कारण नकाशा सपाट मोजतो. डोंगराचा चढ त्यात धरत नाहीत. हे लोकांना आधीच समजावून सांगा, नाहीतर वाटतं समितीनेच जमीन खाल्ली आणि गावात भांडण लागतं. मोजताना दावेदार, शेजारचे प्लॉटवाले आणि घरच्या बाया सोबत पाहिजेत. बांध कुठला ते बायांना जास्त माहीत असतं.

मोबाईलवरून म्हातारे आपल्याला बोलतात. बाजारातून मेमरी कार्ड भरून आणायचं आणि रात्रभर सिनेमे बघायचे. मी पण बघतो, त्यात मला गैर वाटत नाही. राग येतो तो सिनेमात आदिवासी दाखवतात त्याचा. पिसं लावून, तोंड रंगवून हू हू करत नाचणारा. तेच बघून मोठा झालेला साहेब उद्या आपली फाईल उघडतो, मग त्याला आपली शेती कशी दिसेल? तेव्हा त्या कार्डात थोडी जागा ठेवा. आज्याचा जबाब रेकॉर्ड करा, बांधाचा, विहिरीचा फोटो काढा. पण नुसतं रेकॉर्ड करून थांबू नका. तो जबाब कागदावर उतरवा, वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. कार्ड बिघडतं, कागद फाईलीत राहतो.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर वेदांता कंपनीला बॉक्साईट पाहिजे होतं. कंपनीकडे नकाशे, यंत्रं, पैसा. 18 एप्रिलला सुप्रीम कोर्ट म्हणालं, ग्रामसभांना विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये 12 ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावं नाही म्हणाली. तिथले डोंगरिया कोंध उभे राहून आपल्या तोंडाने बोलले, हा आमचा देव, हा आमचा डोंगर. ते ऐकून घ्यावं लागलं.

तर गावी गेल्यावर तीन कामं. परत आलेल्या दाव्याचं कारण लेखी मागा, आणि कळवल्यापासून 60 दिवसांत अपील टाका. दर पाड्यात दोन पोरं आणि दोन पोरी जीपीएस शिकतील असं ठरवा. आणि म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचे जबाब लिहून घ्या. हे शेवटचं काम आधी करा, कारण ती माणसं गेली तर त्यांनी बघितलेलं कुठलाच उपग्रह परत दाखवणार नाही.

जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!
जिंदाबाद!