नॉटिंगहॅमच्या जुन्या वास्तू आणि आपला घाट



आगमन-शताब्दीच्या या सोहळ्यात आम्हां नॉटिंगहॅमकरांना चार शब्द बोलायला सांगितले, त्याबद्दल मंडळाचे आभार. आमचे खापरपणजे कोकणातून मुंबई बंदरावर आले आणि तिथून जहाजाने मॉरिशसला गेले. आम्ही मॉरिशसहून इथे आलो, कोणी परिचारिका म्हणून, कोणी शिकायला, कोणी लग्न होऊन. एकाच घराण्याने दोनदा समुद्र ओलांडला. म्हणून आज आम्ही या शहराच्या जुन्या वास्तूंबद्दल बोलणार आहोत आणि त्या निमित्ताने आपल्याबद्दलही.

नॉटिंगहॅमच्या मध्यभागी सेंट मेरी चर्चच्या आसपास लेस मार्केट नावाचा भाग आहे. नाव ऐकून बाजार वाटेल, पण इथे पाल टाकून कोणी लेस विकत नव्हते. एकोणिसाव्या शतकात इथे लेसच्या व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या वखारी होत्या. यंत्रावर विणलेली लेस इथे यायची. ती तपासायची, दुरुस्त करायची, कापायची, घडी घालायची आणि जगभर पाठवायची. लाल विटांच्या त्या उंच इमारतींकडे मान वर करून पाहिले तर वरच्या मजल्यांना मोठमोठ्या खिडक्या दिसतात. बारीक धाग्यातला दोष डोळ्यांना दिसावा म्हणून तिथे भरपूर उजेड हवा असे.

यातली सर्वांत भव्य वास्तू म्हणजे १८५५ साली उघडलेली ॲडम्स बिल्डिंग. थॉमस ॲडम्स हे तिचे मालक आणि थॉमस चेंबर्स हाइन हे वास्तुरचनाकार. त्या काळाच्या मानाने मालक उदार होते. कामगारांसाठी तिथे प्रार्थनेची जागा आणि जेवणाची खोली होती. आज त्या इमारतीत कॉलेज आहे आणि मुले त्याच जिन्यांवरून वर्गात जातात.

ही इमारत वाचली ती आपोआप नव्हे. लेसचा धंदा बसला आणि वखारी ओस पडल्या. १९६७ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला की एकेक इमारतच नव्हे, तर संपूर्ण परिसर संरक्षित ठरवता येतो. लेस मार्केटला तो दर्जा १९६९ साली मिळाला. अशा भागात इमारत पाडायची तर परवानगी लागते, झाड तोडायचे तरी आधी नगरपालिकेला कळवावे लागते. महत्त्वाच्या इमारतींची वेगळी राष्ट्रीय यादी असते. त्या यादीसाठी नाव सुचवायला विद्वान असावे लागत नाही. तुम्ही-आम्ही, कोणीही अर्ज करू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आम्ही तिच्याकडे परत येणार आहोत.

जे वाचले नाही तेही सांगायला हवे. ड्रुरी हिल नावाची एक अरुंद, चढाची, मध्ययुगापासूनची गल्ली होती. ब्रॉडमार्श खरेदी केंद्रासाठी ती पाडली गेली. ते केंद्र १९७५ साली उघडले आणि पुढे पन्नास वर्षेही टिकले नाही. आता तिथे बाग झाली आहे. शतकानुशतकांची गल्ली गेली आणि जिच्यासाठी गेली तीही वास्तू उरली नाही. मात्र जमिनीखाली खडकात कोरलेल्या जुन्या गुहा राहिल्या आणि आज लोक त्या पाहायला येतात. व्हिक्टोरिया रेल्वे स्थानक १९६७ साली बंद झाले. त्याचा फक्त घड्याळाचा मनोरा उभा आहे. खरेदीला गेलो की आमची मुले विचारतात, "स्टेशन नाही, मग हे घड्याळ कोणासाठी?"

उलट स्नेंटनची पवनचक्की पाहा. गणितज्ञ जॉर्ज ग्रीन यांच्या कुटुंबाची ही चक्की पडीक झाली होती, १९४७ साली आगीतही सापडली. लोकांनी ध्यास घेतला, ती पुन्हा उभी केली आणि १९८०च्या दशकात तिच्यात पुन्हा पीठ दळले जाऊ लागले. म्हणजे लोकांनी मनावर घेतले तर मोडलेलेही सावरता येते.

पण मंडळी, या सगळ्या जपणुकीत एक गोष्ट आम्हाला सलत असे. मालकाचे नाव राहते, रचनाकाराचे राहते. खिडकीशी बसून दोष शोधणाऱ्या, घरी गठ्ठे नेऊन धागे ओढणाऱ्या बायकांची नावे भिंतीवर नाहीत. आणि लेसचा कापूस कुठून आला? लँकेशायरच्या गिरण्यांत सूत कातले जाई, आणि त्यातला बराचसा कापूस अमेरिकेत गुलामांनी वेचलेला असे. आता या शहरात दोन स्त्रियांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला आहे. एक कापसाच्या शेतातली गुलाम स्त्री, दुसरी गिरणीत राबणारी. दोघी एकमेकींजवळ उभ्या आहेत. त्या पुतळ्यासमोर आम्हाला आपल्या आज्या आठवल्या.

आपल्या मॉरिशसमध्येही तेच घडले. उसाच्या कोठीवरचे मालकाचे घर टिकले, कामगारांच्या कँपमधल्या गवती झोपड्या कुठे उरल्या? उरला तो आपला घाट. १८४९ साली पोर्ट लुईला स्थलांतरितांचा डेपो उभा राहिला. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख शर्तबंद मजूर मॉरिशसला आले. चौदा पायऱ्या चढून माणसे वर येत आणि नावापुढे नंबर पडे. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. आज तो आप्रवासी घाट आहे. १९८७ साली तो राष्ट्रीय स्मारक झाला आणि २००६ साली जागतिक वारसा. जुन्या डेपोचा निम्म्याहून कमी भागच आज शिल्लक आहे. म्हणून त्याच्या भोवतीही संरक्षित पट्टा आखावा लागला, इथल्या लेस मार्केटसारखाच. दरवर्षी २ नोव्हेंबरला आपले लोक तिथे जमतात. ज्या पायऱ्यांवर मान खाली घालून चढावे लागले, तिथे आता नातवंडे मान वर करून उभी राहतात.

आता स्वतःची चूक कबूल करतो. इथे आल्यावर सुरुवातीची कित्येक वर्षे आम्ही एका भाड्याच्या सभागृहात गणपती बसवत असू. तिथेच आमच्या मावश्यांनी झाकरीची गाणी मुलांना शिकवली, तिथेच पहिली बारशी झाली. एक दिवस कळले की सभागृह पाडले. आमच्यापैकी एकाकडेही त्याचा धड फोटो नव्हता. फोटो होते ते माणसांचे, नैवेद्याचे, आरतीचे. भिंतीकडे कोणी पाहिलेच नव्हते. कोणाला दोष देणार? कोणी विचारले असते, "ही जागा महत्त्वाची आहे का?" तर आम्ही म्हणालो असतो, "छे, साधे सभागृह आहे." वारसा म्हणजे किल्ला किंवा देऊळ, अशीच आमचीही समजूत होती.

म्हणून या शताब्दीनिमित्त तीन विनंत्या. पहिली, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शर्तबंद मजुरांच्या नोंदवह्या आहेत. आपल्या घरच्या पहिल्या माणसाचा नंबर, गाव आणि जहाज शोधा आणि घरात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. दुसरी, जिथे आपण जमलो ती प्रत्येक जागा, देऊळ असो, बैठका असो की भाड्याची खोली, ती उभी आहे तोवर तिचा फोटो घ्या आणि तिथे काय झाले ते म्हाताऱ्या माणसांकडून लिहून घ्या. तिसरी, तुम्ही ज्या शहरात राहता तिथे अशा वास्तूंची यादी कोण करते ते विचारा आणि आपली जागा त्यांना कळवा. त्यांनी नाही म्हटले तर पुढच्या वर्षी पुन्हा कळवा.

आपल्या पूर्वजांना नंबर दिले गेले. त्यांना नावे परत देणे आपल्या हातात आहे, आणि नाव ठेवायला एखादी भिंत, एखादी पायरी लागते. ती वेळेवर जपू या.