थारला स्नॉर्केल लावू का? पाण्याआधी फुफाट्याचा हिशोब

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोललेलंच उतरवलंय, त्यामुळे भाषा थोडी मोकळी आहे, सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात जळगाव जामोदकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. सेकंडहँड थार घेतली आहे, डिझेल. प्रश्न असा: "भाऊ, स्नॉर्केल लावू की तो उघडा कोन फिल्टर टाकू? आमच्याकडे नाले लय आहेत, आणि पिकअप पण वाढला पाहिजे." एका वाक्यात पाणी, पॉवर आणि थोडीशी स्टाइल, तिन्ही आले. धूळ मात्र त्यात कुठंच नाही. म्हणून मी धुळीपासून सुरुवात करणार आहे.

आपला संग्रामपूर तालुका कसा आहे बघा. वर सातपुडा, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती. नाल्याला गाडी बुडेल एवढं पाणी वर्षातून किती दिवस असतं? मोजकेच. आणि पांदण रस्त्यावर घोट्यापर्यंत फुफाटा किती महिने असतो? दिवाळीपासून थेट मृगापर्यंत. त्यात तुरीचं थ्रेशर सुरू असलं की हवेत भुसकट वेगळंच. म्हणजे तुमच्या इंजिनचा रोजचा शत्रू धूळ आहे, पाणी कधीतरीचं.

आता आकडे. माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. इंजिन २.२ लिटरचं आहे. फोर स्ट्रोक असल्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. २००० आरपीएम धरा, म्हणजे मिनिटाला १००० वेळा २.२ लिटर, झाले २२०० लिटर. तासाला १ लाख ३२ हजार लिटर हवा! दहा हजार लिटरचे तेरा पाण्याचे टँकर डोळ्यांपुढे आणा. टर्बो दाब वाढवतो तेव्हा यापेक्षाही जास्त. एवढ्या हवेतली धूळ अडवायला मधे एकच वस्तू असते, तो कागदी फिल्टर.

तो फिल्टर दिसायला साधा असतो, म्हणून लोक त्याला कमी समजतात. धुळीत सिलिकाचे कण असतात, ते लोखंडापेक्षा कडक. फिल्टरमधून निसटले की पिस्टन रिंग आणि लायनरच्या मधे जाऊन पॉलिश पेपरसारखं काम करतात. गाडी लगेच बंद पडत नाही, हीच खरी अडचण. हळूहळू ऑइल खायला लागते, धूर वाढतो, कॉम्प्रेशन जातं, आणि मग मिस्त्री सांगतो की इंजिन उघडावं लागेल. तोपर्यंत वर्ष-दीड वर्ष निघून गेलेलं असतं, आणि फिल्टर बदलल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नाही.

समजा एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८ टक्के. आपल्याला वाटतं, फरक दीड टक्क्याचा. पण आत किती जाते ते बघा. पहिल्यातून अर्धा टक्का, दुसऱ्यातून दोन टक्के. चौपट! म्हणून फिल्टर विकत घेताना "किती हवा जाते" यापेक्षा "किती धूळ अडते" हे विचारा. एअर फिल्टर तपासायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ५०११. त्या चाचणीचा आकडा विक्रेत्याकडे मागा. फक्त "फ्री फ्लो, हाय परफॉर्मन्स" एवढंच छापलेलं असेल आणि आकडा नसेल, तर मी तरी तो डबा हातात घेणार नाही.

तेल लावलेले कॉटनचे फिल्टर, के अँड एन वगैरे, यांच्याबद्दल नेहमी भांडण होतं. ते धुता येतात, पुन्हा वापरता येतात, हे खरं. पण धुतल्यावर तेल मोजूनच लावावं लागतं. कमी लागलं तर धूळ आत जाते. जास्त लागलं तर ते उडून एमएएफ सेन्सरवर बसू शकतं. हा सेन्सर किती हवा आत येतेय ते ईसीयूला सांगतो. त्याचं वाचन बिघडलं की ईसीयूचे निर्णयही बिघडतात. आमच्या धंद्यात म्हणतात ना, कचरा टाकला की कचराच बाहेर येतो. रोज पांदण रस्त्याने शेतात जाणाऱ्या माणसाला मी कंपनीचा कागदी फिल्टरच सांगेन, आणि तो वेळेआधी बदला.

इथेच एक सवय मोडायला पाहिजे. फिल्टर काढायचा, टायरवर आपटायचा आणि पंक्चरवाल्याच्या हवेने फुल प्रेशरवर फुंकायचा. मंडळी, त्या जोराने कागदाला बारीक चिरा जातात, डोळ्याला दिसतही नाहीत. शिवाय कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो आणखी बारीक कण अडवायला लागतो. म्हणजे थोडा मळलेला फिल्टर कोऱ्यापेक्षा चांगलं गाळतो! उगाच दर आठवड्याला उघडू नका. खूप भरला असेल तर नवा टाका. दिवाळीनंतर एक आणि उन्हाळ्याच्या मधे एक, असा हिशोब ठेवला तरी इंजिनच्या खर्चापुढे ते चहापाण्याचे पैसे आहेत.

आता उघडा कोन फिल्टर. बॉनेट उघडलं की मस्त दिसतो, आवाजही भारी येतो. पण तो हवा कुठून ओढतो? बॉनेटच्या आतून, इंजिनच्या शेजारून. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश असतं, आत ६५ धरा. हवा तापली की विरळ होते, हिशोबाने जवळपास सहा टक्के. टर्बोच्या पुढे इंटरकूलर असतो, म्हणून सगळं नुकसान जाणवत नाही. पण पिकअप वाढवायला गेलो आणि गरम हवा विकत घेतली, हा सौदा मला पटत नाही. शिवाय पुढच्या चाकांनी उडवलेला फुफाटा तिथे थेट पोहोचतो. आवाज पाहिजे असेल तर चांगला स्पीकर घ्या राव.

मग स्नॉर्केल? हो, आपल्या भागात त्याचा उपयोग आहे, पण धुळीसाठी जास्त. तो हवा छताच्या उंचीवरून घेतो, तिथे चाकाजवळच्यापेक्षा धूळ कमी. ऑस्ट्रेलियात लांब कच्च्या रस्त्यांवर लोक याच कारणाने लावतात. डोकं निवडताना विचार करा. समोर तोंड असलेलं साधं डोकं आणि सायक्लोन प्री-क्लीनर, असे दोन प्रकार मिळतात. प्री-क्लीनर हवा गोल फिरवतो, जड कण बाहेर फेकले जातात किंवा वाटीत पडतात. तुम्ही हे आधीच बघितलंय! बऱ्याच ट्रॅक्टरच्या बॉनेटवर जे वाटीसारखं डोकं असतं, ते तेच. जुन्या ट्रॅक्टरला तर त्याच्या खाली ऑइल बाथही असायचा. आपल्या बापजाद्यांच्या ट्रॅक्टरला धुळीचं जेवढं कळत होतं, तेवढं रीलवाल्या मॉडिफिकेशनला कळत नाही. प्री-क्लीनरमुळे हवेला थोडा अडथळा होतो, पण शेतातल्या वेगाला तो चालतो.

स्नॉर्केलचं खरं काम सीलिंगचं आहे. बाहेरचा पाइप कितीही महाग असो, तो फिल्टरच्या डब्याला जिथे जोडतो तिथे फट राहिली की सगळं वाया. सगळ्या जॉइंटला नीट क्लॅम्प पाहिजेत. डब्याच्या तळाला पाणी निघायला छोटं छिद्र किंवा रबरी झडप असते, तिचं काय केलं ते मिस्त्रीला विचारा. तपासायची पद्धत सोपी. इंजिन आयडलवर ठेवा आणि स्नॉर्केलचं तोंड सपाट फळीने क्षणभर बंद करा. इंजिन गुदमरून बंद पडायला पाहिजे. चालूच राहिलं तर ते दुसरीकडून कुठून तरी हवा ओढतंय. धुळीसाठी आणखी एक युक्ती आहे. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या पाइपात आत बोटभर ग्रीस पातळ फासा, आणि काही दिवसांनी बघा. तिथे माती चिकटली असेल तर गळती आहे. बिल देण्याआधी पहिली तपासणी गॅरेजमध्येच करून घ्या.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, पण नीट ऐका. २.२ लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरचे साधारण ५५० सीसी. कॉम्प्रेशन १६:१ धरलं तर पिस्टन वर आल्यावर ३६-३७ मिली जागा उरते. अर्ध्या कटिंगएवढी! त्यापेक्षा जास्त पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यामुळे पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ओढून बाहेर काढा.

स्नॉर्केल हा धोका कमी करतो. पण २०२० च्या थारची पाण्यात जायची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, आणि स्नॉर्केल लावल्याने ती वाढत नाही. फोर्स गुरखाला कंपनीतूनच स्नॉर्केल येतो, तरी तिची मर्यादा ७०० च आहे. कारण खाली वायरिंग आहे, अल्टरनेटर आहे, डिफरन्शियलचे ब्रीदर आहेत. आणि हे सगळं थांबलेल्या पाण्यासाठी. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान कार सरकते, दोन फूट असलं तर मोठी गाडीही वाहून जाऊ शकते. जुलै २०२३ मध्ये आपल्या आणि जळगाव जामोद तालुक्यात काय झालं, ते तुम्ही बघितलंय. सातपुड्यात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही नाल्याला पूर येतो. रपट्यावरून पाणी चाललंय आणि खालची कडा दिसत नाही, तर अलीकडेच थांबायचं. तिथे तुमच्या स्नॉर्केलमधून इंजिन श्वास घेत राहील, पण चाकं जमिनीवर नसतील.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्यामुळे फेंडर कापण्याआधी आरटीओला आणि इन्शुरन्सवाल्याला विचारा, वॉरंटी शिल्लक असेल तर सर्व्हिस सेंटरलाही. आणि ऑफ-रोडिंग म्हणून अंबाबरवा अभयारण्यात स्वतःची गाडी घालायचा विचार असेल, तर तो इथेच सोडा.

तर जळगाव जामोदच्या भाऊ, तुमच्यासाठी माझा क्रम असा. आधी आहे तो डबा उघडून बघा, सेकंडहँड गाडी आहे. फिल्टर कंपनीचा आहे का, रबराची कड सगळीकडून बसते का, स्वच्छ बाजूला बोट फिरवल्यावर माती लागते का. लागली तर स्नॉर्केलचे पैसे बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा कॉम्प्रेशन तपासून घ्या. सगळं ठीक निघालं आणि रोज फुफाट्यातूनच जायचं असेल, तर प्री-क्लीनरवाला स्नॉर्केल घ्या. कोन फिल्टर नको.

डबा उघडल्यावर आतला फोटो पाठवा, आपण पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला बघू. बाकीच्यांनीही पाठवा, ट्रॅक्टरचे पण चालतील. पुढच्या वेळी काळ्या मातीत कोणता टायर चालतो, त्यावर बोलू. भेटू!