घरांतील दूरध्वनीची तार

अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मालेगांव तालुक्यांत, मेडशी हें गांव लागतें. आषाढाच्या एखाद्या रात्रीं अशा गांवीं धो धो पाऊस पडत असावा, वीज गेलेली असावी, घरांतील वृद्ध माणसाला धाप लागलेली असावी आणि भ्रमणध्वनीची बॅटरीही संपत आलेली असावी. घरधनी अंधारांत चांचपडत भिंतीजवळ जातो व जुन्या दूरध्वनीचा रिसीव्हर उचलून कानाशीं धरतो. नेहमींचा गुणगुणता स्वर ऐकूं आला, तर डॉक्टरांपर्यंत हांक पोहोंचते. तो स्वर नसला, तर पुढील पहांट फार लांब वाटते. हा फरक कित्येकदां बोटभर तारेच्या एका सांध्यामुळें पडतो, आणि तो सांधा घरांतच असतो.

अलेक्झांडर ग्राहम बेल यास दूरध्वनीचें पेटंट १८७६ सालीं मिळालें. सहा वर्षांनीं, २८ जानेवारी १८८२ रोजीं, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें हिंदुस्थानांतील पहिलीं दूरध्वनिकेंद्रें उघडलीं. शहरें अशीं लौकर बोलूं लागलीं. खेड्यांच्या वांट्याला मात्र दीर्घ मौन आलें. १९८४ सालीं सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिनें खेड्यांच्या उष्णतेंत व धुळींत, वातानुकूलनावांचून चालणारें १२८ जोडण्यांचें छोटें स्वयंचलित केंद्र तयार केलें. १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें असें पहिलें केंद्र बसलें, आणि त्यानंतर ग्रामीण भागांत दूरध्वनीचा खरा प्रसार झाला.

केंद्रापासून घरापर्यंत तांब्याच्या दोन तारा येतात. केंद्रांतील बॅटऱ्यांकडून या जोडीवर सुमारें ४८ व्होल्टचा दाब सतत असतो. म्हणूनच घरांतील वीज गेली तरी साधा दूरध्वनि बोलतो. रिसीव्हर ठेवलेला असतांना मंडल तुटलेलें असतें. तो उचलतांच तें पूर्ण होऊन प्रवाह वाहूं लागतो, आणि त्यावरून केंद्रास कळतें कीं कोणी बोलूं इच्छितो. बाहेरून हांक आली म्हणजे केंद्र सुमारें ७५ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह पाठवितें व घंटी वाजते. हा झटका ओल्या हातास चांगलाच जाणवतो. तेव्हां काम आरंभण्यापूर्वीं बाहेरची जोडी सोडवून ठेवावी, आणि आकाशांत विजा चमकत असतांना तर तारेस हातच लावूं नये.

आतां दुसऱ्या खोलींत तार नेऊन भिंतीवर नवी जोडपेटी, म्हणजे नित्याच्या बोलण्यांतील रोझेट, बसवावयाची असली तर प्रथम मार्ग ठरवावा. विजेच्या तारांच्या बरोबरीनें ही तार नेऊं नये; त्यांची गुणगुण बोलण्यांत उतरते आणि सदोष विजेचा धोकाही असतो. दोहोंमध्यें निदान वीतभर अंतर असावें, आणि ओलांडणें भागच पडलें तर काटकोनांत ओलांडावें. दोन तारा एकमेकींस पीळ दिलेल्या असाव्यात. पिळामुळें बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि यंत्र दोहोंतील फरकच ऐकत असल्यामुळें तो उपद्रव बव्हंशीं नाहींसा होतो.

वऱ्हाडांतील जुन्या घरांच्या मातीच्या जाड भिंती ओल धरून ठेवतात. अशा भिंतींत छिद्र पाडावयाचें तर तें बाहेरच्या बाजूस उतरतें असावें, आणि आंत शिरण्यापूर्वीं तारेस खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे पागोळीचें पाणी तेथूनच गळून जातें. भिंतीच्या आंत सांधा कदापि ठेवूं नये. ओल प्रथम तेथेंच शिरते. जोडपेटी जमिनीपासून गुडघाभर उंच, कोरड्या जागीं बसवावी. तारेचें आवरण हवें तेवढेंच सोलावें, टोंकें स्क्रूखालीं घट्ट दाबावीं, आणि दोन उघड्या टोंकांचा एकमेकांस स्पर्श होणार नाहीं हें डोळ्यांनीं पाहून मगच झांकण लावावें. नेहमींच्या लहान प्लगांत मधल्या दोन पट्ट्यांवरून संभाषण चालतें. जोडणी त्या दोहोंशींच करावी.

हा स्पर्श टाळणें कां महत्त्वाचें? दोन तारा भिडल्या कीं केंद्राला वाटतें, या घरीं रिसीव्हर उचललेला आहे. बाहेरून बोलावणाऱ्यास सूर ऐकूं येतो तो गुंतलेल्या ओळीचा. घरच्यांस तर कांहींच कळत नाहीं. त्यांना वाटतें, आज कोणी आठवण केली नाहीं. परगांवचा मुलगा मात्र तिकडे तासन्‌तास प्रयत्न करीत काळजींत पडलेला असतो.

दोष घरांतला कीं बाहेरचा, हें ओळखण्याची रीत सोपी आहे. घरांतील सर्व यंत्रें काढावीं, नवी शाखा सोडवावी, आणि तार ज्या पहिल्या पेटींत येते तेथें एकच चांगलें यंत्र लावावें. स्वर आला तर दोष आंतला. मग एकेक शाखा जोडीत गेलें म्हणजे अपराधी आपोआप सांपडतो. स्वर नाहीं आला तर खांबावर चढूं नये. बाहेरची तार लाइनमनच्या अधिकारांतली. तेथें तक्रार नोंदवावी.

अलीकडे तांब्याच्या जागीं काचतंतू येत आहे. तो अफाट मजकूर वाहून नेतो, पण विजेचा एक कणही आणीत नाहीं. त्याच्या टोकाशीं असलेलें यंत्र घरच्या विजेवर चालतें. वीज गेली कीं तेंही मुकें होतें. ज्यांच्या घरीं आजारी वा वृद्ध माणूस आहे, त्यांनीं त्या यंत्रास बॅटरीचा आधार अवश्य द्यावा.

मृगाच्या आधीं कौलें चाळण्याची रीत खेड्यांत जुनीच आहे. त्याच दिवशीं भिंतीवरील ती लहानशी डबी उघडून स्क्रू घट्ट आहेत कीं नाहींत, तांब्यावर हिरवा कळंक चढला आहे काय, एवढें पाहिलें तर त्यास पाव घटकाही लागत नाहीं. आषाढांतील त्या रात्रीं घरधनी रिसीव्हर उचलील, तेव्हां या पाव घटकेचें मोल त्यास कळेल.