पाणी उतरतं तेव्हा



मी कराडची. आमच्या गावात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. त्या प्रीतिसंगमावर आपल्यापैकी अनेकजण येऊन गेले असतील. मी कोयनेचं पाणी पिऊन वाढले, पण ही नदी येते कुठून आणि वाटेत तिचं काय होतं, हे वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत पाहिलं नव्हतं. १९८६ च्या जूनमध्ये प्राथमिक शिक्षिका म्हणून माझी ऑर्डर निघाली, ती थेट शिवसागर जलाशयाच्या काठावरच्या एका वाडीची. वाडीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. त्याचं कारण शेवटी सांगेन.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे धावते. पुढे हेळवाकजवळ ती पूर्वेकडे वळून कराडला येते. त्या वळणाच्या अलीकडे तिला अडवली आहे. धरणाची उंची १०३ मीटर. त्यामुळे मागे पाणी तुंबलं ते थेट तापोळ्यापर्यंत, साधारण ५० किलोमीटर. कोयनेबरोबर सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या खोऱ्यांतही पाणी शिरलं. नकाशावर हा जलाशय एखाद्या झाडाच्या वाकड्यातिकड्या फांदीसारखा दिसतो. दोन्ही अंगांना डोंगर, डोंगरावर रान, आणि मध्येच वीस-पंचवीस घरांच्या वाड्या. त्यांतलीच माझी एक.

सातारहून कासच्या पठारावरून एसटीनं बामणोलीला उतरायचं आणि तिथून लाँच. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसून मी तो प्रवास केला. पाऊस असा, की समोरचा काठ दिसत नव्हता. महाबळेश्वरच्या अंगाला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. तो अंगावर घेणं निराळं. लाँचमध्ये पिठाच्या पिशव्या, दोन शेळ्या, रॉकेलचा डबा आणि मुंबईहून आलेला एक तापकरी माणूस. लाँचवाल्यानं मला विचारलं, "बाई, किती दिवस टिकणार?" मी म्हटलं, "का हो?" तो म्हणाला, "आधीचे गुरुजी श्रावणापतुर होते."

मी सहा वर्षं टिकले. त्याचं श्रेय माझं नाही, मी जिच्या घरी राहिले त्या आजीचं. पुढच्या पडवीत माझी खोली, मागं तिची चूल. नाचणीची भाकरी, वरीचा भात आणि रानातली भाजी मी तिच्याच हातची खाल्ली. शाळेत ३१ मुलं होती, चार इयत्ता आणि एक खोली. गावात पुरुष फार थोडे. कर्ते सगळे मुंबईत. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतल्या माणसांनी मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहिली. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले. त्यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि या माणसांना जरा आधार मिळाला. आजीचा थोरला मुलगाही मस्जिद बंदरला माथाडी होता. शिमग्याला आणि गणपतीला यायचा. तेवढ्यापुरतं गाव भरायचं, मग पुन्हा बाया, म्हातारी माणसं, पोरं आणि पाणी.

पाणीच म्हणायचे सगळे. तलाव, सरोवर, शिवसागर हे शब्द मी गावात कधी ऐकले नाहीत. "पाणी चढलं", "पाणी उतरलं", एवढंच.

सप्टेंबरात जलाशय काठोकाठ भरायचा. पाऊस उघडला की हिरवे डोंगर पाण्यात उलटे दिसायचे. सकाळी पाण्यावरून धुकं सरकत यायचं आणि शाळेच्या पायरीशी थांबायचं. मी वहीत वर्णनं लिहायची, घरी पत्रांतून कळवायची. पहिल्या वर्षी एकदा आजीला म्हटलं, "आजी, काय सुंदर जागी राहता तुम्ही!" ती भांडी घासत होती. तिनं मान वर केली, पाण्याकडं पाहिलं आणि पुन्हा भांडं घासायला लागली. मला वाटलं, रोजचंच झालं म्हणून तिला कौतुक नाही.

कोयनेचं बरंचसं पाणी कराडकडे येतच नाही. ते बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणाकडे वळवलं आहे. सह्याद्रीचा कडा तिथं एकदम खाली उतरतो. साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून ते पाणी पोफळीच्या वीजगृहात कोसळतं, वीज देतं आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. सगळे टप्पे मिळून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट. उन्हाळ्यात महाराष्ट्रातले पंखे जोरात फिरायला लागले की आमचं पाणी उतरायला लागायचं. आजीचा मुलगा मुंबईत ज्या पंख्याखाली निजायचा, त्याच्यासाठी पाणी तिच्या दारातून जायचं. आणि तिच्या घरी मात्र चिमणी. मी होते तोवर वाडीत विजेचा खांब आला नव्हता.

पाणी उतरलं की काठाचा रंग बदलायचा. डोंगराला तांबड्या मातीचा पट्टा दिसायचा, वरून खाली रुंद होत जाणारा. मला तो भकास वाटायचा. पण गावात मात्र तेव्हा हालचाल सुरू व्हायची. उघड्या पडलेल्या गाळावर लोक वाटाणा, हरभरा पेरायचे. त्याला गाळपेर म्हणतात. गुरं खाली चरायला जायची. ज्या काठावर जायला एरवी होडी लागायची, तिकडं काही ठिकाणी पायी जाता यायचं.

१९८९ च्या मे महिन्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती, पण मी दोन दिवस थांबले होते. आजी म्हणाली, "बाई, चला, माझं घर दावते." मी म्हटलं, "आजी, मी राहते की तुमच्या घरात." ती म्हणाली, "ह्ये न्हवं."

आम्ही उतरायला लागलो. तांबड्या पट्ट्यातून, भेगाळलेल्या चिखलावरून, पाऊण तास. खाली सपाटीवर दगडांच्या ओळी दिसायला लागल्या. जवळ गेल्यावर कळलं, ती घरांची जोती होती. आजी एका जोत्यापाशी थांबली. तिनं चपला काढल्या आणि उंबऱ्याचा दगड होता तिथून, म्हणजे दरवाजा होता तिथूनच, आत गेली. मीही तिच्या मागोमाग तशीच गेले. चारही बाजू उघड्या होत्या, कुठूनही जाता आलं असतं. पण नाही गेलो.

"हितं चूल. हितं माझं दोघं झालं," ती म्हणाली. "थोरला आन् त्याच्या पाठची." गाळात अर्धं रुतलेलं जातं होतं. वरची पाळ नव्हती, तळीच होती. तिनं पदरानं ती पुसली. पुढं भातखाचरांचे बांध दिसत होते. ते चार बांध त्यांचे. पाणी आलं तेव्हा ती तिशीची होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढत गेलं. शंभराच्या आसपास गावं या धरणाखाली गेली. कुणी रायगडला, ठाण्याला, कुणी सोलापूर-सांगलीकडं पाठवले गेले. काही जण कुठंच गेले नाहीत. ते पाण्याच्या पुढं पुढं डोंगर चढत गेले आणि पाणी थांबलं तिथं त्यांनी घरं बांधली. आजीचं कुटुंब त्यांतलं. वर बांधलेलं घर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात पडलं. मग पुन्हा बांधलं. मी राहत होते ते हे दुसऱ्यांदा बांधलेलं.

निघताना आजीनं कनवटीची कुंकवाची पुडी काढली, उंबऱ्याला बोट लावलं आणि म्हणाली, "आता जून लागला की झाकंल."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन वर्षं मी ज्याला सुंदर म्हणत होते, ते त्या बाईच्या घरावरचं पांघरूण होतं. पाहुण्याला हा जलाशय भरलेला आवडतो. इथं राहणाऱ्याला तो रिकामा झाला की आपलं काहीतरी परत मिळतं. मी तीन वर्षं तिच्या घरात राहत होते आणि तरी पाहुणीच होते.

१९९२ साली माझी बदली झाली. पण मी जात राहिले. आधी एकटी, मग यजमानांबरोबर, मग मुलांना घेऊन. दर खेपेला काहीतरी बदललेलं असायचं. खांब आले. काठावर बोट क्लब झाले. वासोट्याला जाणारे ट्रेकर वाढले. १९८५ पासून पलीकडचं रान अभयारण्य होतंच. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये कासचं पठार जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि फुलं बघायला आलेल्या गाड्या पुढं बामणोलीपर्यंत उतरायला लागल्या. माझे दोन-तीन विद्यार्थी आता बोटी चालवतात, तंबू लावतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या पाण्यानं घर घेतलं, त्यानं चार पैसे दिले तर द्यावेत. नाहीतर त्यांच्या बापासारखं पाठीवर पोतं घ्यायला मुंबईला जावं लागलं असतं.

आजी २००३ साली गेली.

मी २०२२ मध्ये निवृत्त झाले. त्याच दिवाळीत माझ्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. "बाई, तुमच्यासाठी एक एकराचा तुकडा बघून ठेवलाय. पाणी अगदी समोर. दोन खोल्या बांधा आणि या राहायला." माझ्या मनात काय झालं, खरं सांगते. मी आनंदानं रडले. माहेरची शेती नावावर असल्यानं शेतकरी दाखल्याची अडचण नव्हती. फंडाचे पैसे आले होते. व्हरांड्याला तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, इथपर्यंत माझा विचार गेला.

आठ दिवसांनी जागा बघायला गेले. विद्यार्थी पुढं चालत होता. वळण ओळखीचं वाटलं. मग पडवी दिसली. ती आजीचीच जागा होती. मुंबईतल्या नातवांनी विकायला काढलेली.

मी पडवीत बसले. माझी ट्रंक ठेवायची ती जागा तशीच होती. विद्यार्थ्याला म्हटलं, "अरे, हे घर मी कसं घेऊ?" तो म्हणाला, "बाई, तुमी नाही घेतलं तर पुण्याचा कोणीतरी घेणार. तुमी घेतलेलं बरं नाही का? निदान तुमास्नी ठाऊक हाय हे कुणाचं हाय ते." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मला अजूनही त्याला पुरतं उत्तर देता येत नाही. इकडच्या २३५ गावांसाठी नवीन महाबळेश्वरचा आराखडा झालाय, जमिनीला भाव येतोय. ज्याला मुंबईत एका खोलीत चार माणसं घेऊन राहायचंय, त्यानं डोंगरावरची जमीन सांभाळून ठेवावी हे मी कुठल्या तोंडानं सांगू? मी स्वतः कराडला पक्क्या घरात राहते.

पण मला घेता आली नाही. एकदा पाण्यानं उठवलं, एकदा धरणीनं पाडलं, आणि तिसऱ्यांदा त्यांना तिथून हलवणारी मी व्हायचं? आणि तेही समोरचं दृश्य छान दिसतं म्हणून?

मी आजीच्या नातवाला मुंबईला जाऊन भेटले. म्हटलं, "विकू नकोस असं मी म्हणणार नाही. पण घर पडवीसकट नीट करून घे. दर वर्षी मे महिना मी भाड्यानं राहीन, पैसे आगाऊ देते. बाकीचे अकरा महिने आणखी कुणी राहील." तो हसला. म्हणाला, "बाई, मे महिन्यात? तेव्हा तर पाणी नसतं." मी म्हटलं, "म्हणूनच."

त्यानं अजून विकलेली नाही. उद्या विकेल की नाही, सांगता येत नाही. २०२३ पासून तीन उन्हाळे मी तिथं राहून आले. त्याची बायको आता सुट्टीत मुलांना घेऊन येते, येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण करून घालते. शाळेत सात मुलं उरली आहेत. त्याची मुलं तिथं येतील असं मी म्हणत नाही. पण गेल्या मे महिन्यात मी त्यांना खाली घेऊन गेले. आजीचं जोतं दाखवलं. जातं आता पुरतं गाळात गेलंय. धाकटी भिंतीवरून उडी मारायला निघाली होती. मी तिला म्हटलं, "बाळ, दारातून ये." ती वळसा घालून दारातून आली.

वाडीचं नाव का सांगितलं नाही, ते आता सांगते. नाव सांगितलं तर आपण तेवढीच वाडी शोधाल. तसं करू नका. तापोळा, बामणोली, कुठंही जा, बोटीत बसा, फोटो काढा, तिथल्या माणसांच्या हातचं जेवा आणि त्यांना त्याचे पैसे द्या. फक्त कुणाही म्हाताऱ्या माणसाजवळ बसून एकदा विचारा, "आजोबा, तुमचं जुनं गाव कुठं होतं?"

ते बोट दाखवतील, ते पाण्याकडं. मग तिकडं पुन्हा एकदा पाहा.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)