काँक्रीट पडण्याआधी

गटाच्या बैठकीत आपण बचत, हप्ते, शेळ्या याबद्दल बोलतो. आज पुलाच्या पायाबद्दल बोलणार आहोत. “त्यातलं आपल्याला काय कळतं?” असं आम्हीही आधी म्हणालो होतो.

आमचं गाव आणि शाळा यांच्या मध्ये ओढा आहे. जुना फरशीपूल मुरमावरच बांधला होता. एका पुरात पाण्याने खालचा मुरूम उकरून नेला आणि वरची फरशी मोडली. पुढचे दोन पावसाळे ओढा चढला की मुलींची शाळा बुडायची, बाळंतपणाला निघालेली बाई अलीकडेच अडकायची. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. ती बातमीही मनात होतीच. म्हणून नव्या पुलाचे खड्डे खणायला लागले तेव्हा साहेबांची परवानगी घेऊन आम्ही अकराजणी बघायला गेलो.

वर गाळ, मग मुरूम, त्याखाली काळा खडक. मुकादम म्हणाला, “खडक लागला, उद्या काँक्रीट.” आमच्यातल्या कितीतरी जणींनी विहिरींच्या कामावर पाट्या वाहिल्यात. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “साहेब, त्या कोपऱ्यात लाल दिसतंय. आमच्या विहिरीत असाच गेरू लागला होता. कोरडा असताना घट्ट, पाणी लागलं की लोणी.”

साहेब खाली उतरले. काळ्या खडकावर हातोडा मारला, ठणठण वाजला. लाल भागावर मारला, आवाज भदभद आला आणि पहार आत गेली. साहेबांनी काँक्रीट थांबवलं. पाच दिवस जास्त खोदकाम झालं, तेव्हा गेरूखाली पुन्हा काळा खडक मिळाला. त्या पाच दिवसांत आभाळ भरून यायचं आणि पारावर बोलणं व्हायचं, “बायकांनी काम अडवलं.” खड्ड्यात पाणी भरलं तर काय, या काळजीने आम्हालाही झोप नव्हती.

साहेबांनी नंतर समजावलेलं तुम्हालाही सांगतो. तुमच्या गावात काम निघालं तर हे विचारा.

लागलेला खडक अखंड आहे की नुसता मोठा धोंडा? त्यासाठी खाली आणखी काही फूट भोक पाडून बघतात.

पाया खडकात किती आत जाणार? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे कठीण खडकात निदान ६० सेंटिमीटर, मऊ खडकात दीड मीटर.

खडक उतरता आहे का? असेल तर पायऱ्या कापून सपाट बैठक करतात, नाहीतर पाया घसरू शकतो.

तळ साफ झाला का? सुटे दगड काढायचे, चिखल धुवायचा, पाणी पंपाने उपसायचं, भेगा साफ करून सिमेंटने भरायच्या. शेण-माती न काढता सारवलं तर पोपडा धरतो का? तसंच हे.

आणि शेवटचं, झाकण्याआधी फोटो आणि मोजमाप घेतलं का? खांब आणि कठडा नंतरही दिसतो. पाया एकदा झाकला की कुणाला दिसत नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये सरकारी कामाची पाहणी करण्याचा हक्क आपल्याला दिलेला आहे. तो वापरताना भांडायला जाऊ नका, विचारायला जा. खड्ड्यात उतरू नका, काठावर गर्दी करू नका. सुरुंग लावणार असतील त्या दिवशी तिकडे फिरकूही नका.

गेल्या पावसाळ्यात आमचा ओढा दोनदा दुथडी भरून वाहिला. दोन्ही दिवशी मुली पुलावरून शाळेत गेल्या. मावशी काठावर उभ्या राहून बघत होत्या. आम्ही विचारलं, “काय बघता?” म्हणाल्या, “तो कोपरा.”

तुमच्या गावात खड्डा खणला जात असेल, तर काँक्रीट पडण्याआधी एकदा जाऊन या.