धंद्याची निवड आणि बाजाराची माहिती
(महोत्सवी समारंभातील भाषण)



निधीने आजवर होतकरू मुलांना फी दिली, पुस्तके दिली. आता तिसरी एक गोष्ट द्यावी, अशी आमची विनंती आहे. ती म्हणजे माहिती.

दहावीचा निकाल लागला की पालक शाळेत येऊन विचारतात, "सर, सध्या कशाला मागणी आहे?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर बहुधा शेजारच्या मुलाच्या पगारावरून ठरलेले असते. एका शाखेत पगार चांगला दिसला की सारे त्याच वाटेने धावतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा. तो पुरा होईतो त्या वाटेवर गर्दी झालेली असते. इंजिनिअरिंगच्या जागा इतक्या वाढल्या की, २०२०-२१ पासून काही वर्षे नवी महाविद्यालये काढण्यास तंत्रशिक्षण परिषदेने मनाई केली होती. म्हणून आजच्या पगाराखेरीज आणखी तीन गोष्टी पाहाव्यात : त्या धंद्यात दरसाल नवी माणसे किती लागतात, जुनी किती निवृत्त होतात, आणि तेच शिकणारी मुले किती आहेत.

जुलै २०२३ ते जून २०२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत १५ वर्षे व त्यावरील लोकांत बेकारी शेकडा ३.२ होती; १५ ते २९ या वयोगटात मात्र शेकडा १०.२. तरुणांची अडचण तिपटीने मोठी, हे यावरून उघड होते. परंतु ही साऱ्या देशाची सरासरी. आपल्या बेळगावात काय चालले आहे, हे तिच्यावरून कळत नाही.

येथे उद्यमबागेत फौंड्र्या व यंत्रशाळा आहेत. हत्तरगीला विमानांचे सुटे भाग होतात. मोल्डर, फिटर, मशिनिस्ट यांच्या कित्येक जागा वर्तमानपत्रात येतच नाहीत, तोंडोतोंडीच भरतात. ज्याचा मामा आत आहे त्याला बातमी लागते. ज्याचे कोणी आत नाही तो हुशार असूनही बाहेर राहतो. मुलींच्या कानी तर ती बातमी क्वचितच पडते. गरिबीपेक्षाही हे अज्ञान महाग पडते.

भाषेची गोष्ट तशीच. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला आता दारे बंद, असे पुष्कळ घरांतून ऐकू येते. वस्तुतः केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांची शिपाई भरतीची परीक्षा हिंदी-इंग्रजीखेरीज १३ प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्यांत मराठी, कन्नड, उर्दू व कोंकणीही आहेत. याउलट कर्नाटक राज्याच्या नोकरीसाठी कन्नड चांगले यावे लागते. ते आठवीपासून मनावर घेतले तर जड नाही. पदवीनंतर मात्र फार जड जाते. वेळेवर कळणे म्हणजे काय, ते हे.

यास्तव निधीने तीन कामे हाती घ्यावीत. आजवर शिष्यवृत्ती घेतलेल्यांची नोंदवही करावी : कोण काय शिकला, पहिली नोकरी किती दिवसांनी लागली, पगार किती. दरवर्षी दिवाळीनंतर नववी-दहावीच्या मुलामुलींना एखाद्या कारखान्यात, इस्पितळात, बँकेत नेऊन काम प्रत्यक्ष दाखवावे. आणि आय.टी.आय., १९६१ च्या कायद्याखालील विद्यावेतनासह उमेदवारी, तसेच भरतीच्या तारखा यांचा फलक मराठी, उर्दू व कन्नडमध्ये लावावा. पैसा फारसा लागणार नाही, वेळ लागेल. तो द्यावयास आम्ही शिक्षक तयार आहोत.

शेवटी एक सावधगिरी. माहिती ही मुलाला ढकलण्याची काठी नव्हे. मागणी कितीही असली तरी ज्या कामात त्याचा हात व मन रमत नाही, तेथे तो टिकणार नाही. आपण सारे रस्ते दाखवावेत, प्रत्येकावरचे काटेही दाखवावेत. पाऊल त्याचे त्याला टाकू द्यावे.