दुसऱ्याच्या युद्धाचा खर्च



एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानं युक्रेनच्या मदतीचं विधेयक मंजूर केलं. रक्कम होती सुमारे 61 अब्ज डॉलर. बाजूनं 311 मतं पडली, विरुद्ध 112. त्याआधी कितीतरी महिने हा प्रश्न तिथं अडून बसला होता. आमच्या कराचा पैसा परक्या रणांगणावर का जावा, असं विचारणारे होते. यातला बराचसा पैसा आपल्याच शस्त्रकारखान्यांत खर्च होणार आहे, असं सांगणारेही होते. ज्या देशावर दुसरा चालून आला आहे त्याला मदत करावी, या मताचा मी आहे. पण त्या मतदानात मला मोलाचं वाटलं ते हे, की पैसा देणाऱ्या माणसाचा प्रतिनिधी उभा राहिला आणि त्यानं नावानिशी हो किंवा नाही म्हटलं. हे मोलाचं का वाटतं, ते सांगायचं तर आपल्याच इतिहासात जावं लागेल.

1867 साली अ‍ॅबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा सम्राट थिओडोर यानं ब्रिटिश वकील आणि काही मिशनरी कैदेत टाकले होते. त्यांना सोडवायला मोहीम निघाली ती मुंबईहून. सेनापती होते मुंबईच्या फौजेचे रॉबर्ट नेपियर. इथले शिपाई, इथली खेचरं, बैल, चव्वेचाळीस हत्तीसुद्धा बोटींत चढवून तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर उतरवले. एप्रिल 1868 मध्ये मगदाला पडलं, थिओडोरनं स्वतःचा जीव घेतला आणि फौज परत आली.

या भांडणाशी भारतातल्या शेतकऱ्याचा काय संबंध होता? काडीचाही नव्हता. तरीही मोहिमेवर गेलेल्या हिंदी फौजेचा नेहमीचा पगार भारताच्या तिजोरीतून गेला. जादा खर्च ब्रिटननं उचलला, त्यासाठी तिथला प्राप्तिकरही वाढवला. भारताच्या माथी पगार मारताना युक्तिवाद असा झाला, की हे शिपाई भारतात राहिले असते तरी त्यांना पगार द्यावाच लागला असता. मग भारताचं नुकसान ते काय? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण ही फौज कित्येक महिने परदेशात राहूनही इथं काही अडत नसेल, तर एवढी मोठी फौज भारताच्या पैशानं पोसायची गरजच काय होती? आणि अडत असेल, तर इथलं संरक्षण उघडं टाकून ती नेली कशी? त्या युक्तिवादात या दोन्ही प्रश्नांना जागा नव्हती.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ही, की कायदा होता. 1858 च्या भारत सरकार कायद्याचं 55 वं कलम सांगत होतं, की आक्रमण रोखायचं असेल किंवा तशीच अचानक निकड आली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी भारताच्या सीमेपलीकडच्या लष्करी मोहिमेवर भारताचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय खर्च करता येणार नाही. संमती लागणारच होती, पण ती द्यायची लंडननं! ज्याच्या खिशातून पैसा जाणार, त्याचं त्या दोन्ही सभागृहांत एकही मत नव्हतं.

तिथं आपल्या बाजूनं बोलला तो हेन्री फॉसेट. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्राचा प्राध्यापक, ऐन पंचविशीत अपघातानं दृष्टी गेलेला, आणि भारताच्या जमाखर्चाचा आकडा न् आकडा डोक्यात ठेवणारा. अ‍ॅबिसिनियाचा बोजा भारतावर टाकू नका, हे त्यानं पार्लमेंटमध्ये निक्षून सांगितलं. 1874 च्या निवडणुकीत तो ब्रायटनमधून पडला, तेव्हा त्याला पुन्हा निवडून आणायला भारतातल्या लोकांनी वर्गणी काढून पैसे पाठवले. स्वतःला मत नाही, म्हणून दुसऱ्या देशातल्या उमेदवाराच्या निवडणूक खर्चाला हातभार! त्या वर्गणीबद्दल वाचताना आजही माझा जीव तुटतो.

पुढची हकिकत याहून कडू आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळानं पुणे, सातारा, सोलापूरकडची गावं ओस पाडली. पुन्हा दुष्काळ पडला तर हाताशी पैसा असावा, असं सांगून सरकारनं 1878 मध्ये व्यापाऱ्यांवर परवाना कर बसवला. त्याच वर्षी अफगाण युद्ध सुरू झालं. 1879 च्या अंदाजपत्रकात दुष्काळाची तरतूद बाजूला पडली, कर मात्र चालूच राहिला. त्या युद्धासाठी ब्रिटननं अखेर 50 लाख पौंड दिले. त्याच्या कितीतरी पट भारतानं भरले. 1885 मध्ये ब्रह्मदेशावर स्वारी झाली. त्याच डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं आणि त्यात ब्रह्मदेश खालसा करण्याला विरोध करणारा ठराव झाला. ऐकलं कोणी नाही. लष्कराचा खर्च फुगत गेला आणि 1888 मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. भाकरीबरोबर मीठ आणि मिरची खाणारी मजूर बाई त्या खर्चाचा हप्ता भरत होती, आणि तिला ते कोणी सांगितलंही नव्हतं.

1890 मध्ये काँग्रेसच्या व्यासपीठावर याच मिठावरच्या करावर बोलायला उभे राहिले गोपाळ कृष्ण गोखले. 1895 मध्ये भारताच्या खर्चाची चौकशी करायला लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते. 1897 मध्ये गोखले पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे लंडनला साक्षीला गेले. वयाची एकतिशीही पूर्ण झाली नव्हती. तज्ज्ञ सरकारी मंडळी समोर बसून उलटतपासणी करत होती आणि हा तरुण प्राध्यापक एकेका वर्षाच्या खर्चाचा हिशेब मांडत होता. भारताच्या खर्चावर भारतीय करदात्याचा कसलाच ताबा नाही, हा त्यांच्या साक्षीचा गाभा होता. आयोगाच्या अहवालानंतर भारताचा बोजा थोडा हलका झाला. ताबा मात्र मिळाला नाही.

तो मिळाला नाही म्हणूनच 1917 मध्ये पहिल्या महायुद्धासाठी दहा कोटी पौंडांची ‘देणगी’ भारताच्या नावानं जाहीर होऊ शकली. ही रक्कम भारत सरकारच्या जवळजवळ एका वर्षाच्या महसुलाएवढी होती, आणि ती मंजूर झाली सरकारी बहुमताच्या कायदेमंडळात.

दुसऱ्या महायुद्धात कागदावर न्याय झाल्यासारखा दिसतो. 1939 च्या करारानं भारताच्या संरक्षणापलीकडचा खर्च ब्रिटननं द्यायचा ठरलं. पण ते पौंड लंडनमध्ये भारताच्या नावावर जमा होत राहिले आणि इथं त्यांच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या. चलनातल्या नोटा युद्धाच्या काळात सहा पटींहून अधिक वाढल्या. धान्याचे भाव मजुरीच्या कितीतरी पुढे गेले, आणि 1943 मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, त्यामागच्या कारणांत ही महागाई होती. महागाई हाही करच, पण या कराची पावती फाडली जात नाही, त्यावर कुठं मतदानही होत नाही. दुसऱ्याच्या युद्धाचा खर्च वसूल करायची याहून क्रूर रीत मला माहीत नाही.

आणि मग 1971. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले. 31 मार्चला संसदेनं तिथल्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमतानं केला. 15 नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं वेगळं तिकीट लावावं लागू लागलं. ज्यांनी त्या काळात पत्रं पाठवली असतील, त्यांना ते आठवत असेल. पैसा कशासाठी घेतला जातोय, हे त्या तिकिटावरच छापलेलं होतं. तिथं स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला दिलेली शस्त्रं आणि प्रशिक्षण मात्र गुप्त राहिलं, आणि युद्धाच्या तोंडावर ते राहणारच, हे मी मान्य करतो. पण युद्ध संपल्यावर तो खर्च लोकांसमोर ठेवायला काय हरकत होती?

आज आपणही देणाऱ्यांत आहोत. 2015 मध्ये भारतानं अफगाणिस्तानला मि-25 जातीची लढाऊ हेलिकॉप्टरं दिली, ती चालू युद्धात वापरायलाच. तो निर्णय मला योग्य वाटतो. पण आपल्या राज्यघटनेत अशा मदतीला संसदेची वेगळी आगाऊ संमती लागत नाही, आणि संरक्षणाच्या मागण्या लोकसभेत कित्येकदा चर्चेविनाच मंजूर होतात. परराष्ट्र खात्याच्या मागणीत भूतान, नेपाळ, मालदीव यांना द्यायच्या मदतीचे आकडे देशवार छापलेले असतात. दुसऱ्या देशाला दिलेल्या लष्करी मदतीसाठीही अंदाजपत्रकात तसाच एक रकाना हवा. गुप्ततेसाठी तो दोन-तीन वर्षं उशिरा भरला तरी चालेल. देशाचं नाव, रक्कम आणि मुदत एवढं त्यात असावं, आणि त्यावर खासदारांनी बोलून मत द्यावं. येत्या अधिवेशनात आपल्या खासदाराला याबद्दल एक पत्र लिहा, एवढीच तुम्हाला विनंती.